इंजिन गरम होईपर्यंत

डोके थंड ठेवावे आणि इंजिन गरम, हा सुखी आयुष्याचा पाया आहे. बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलटे असते, म्हणून बहुतेक संसार मोडकळीस येतात आणि बहुतेक मोटरसायकली चढावर बंद पडतात. बोर्गोरिओ या गावाला मात्र हे तत्त्व फार पूर्वीच उमगले होते. (तिथले संसार कसे होते, हा वेगळा विषय आहे.)

इटलीतल्या रोमान्या प्रांतात, टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या या गावात ‘पिस्टन आणि बंधुभाव’ नावाचे मोटरसायकल मंडळ आहे आणि लेआर्को झोफोली हा त्याचा अध्यक्ष. लेआर्को वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला. उभे आयुष्य दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात गेल्यामुळे त्याचा माणसांवर विश्वास उरला नव्हता; जो काही होता तो त्याने आपल्या लाल, दोन सिलिंडरच्या जुन्या गाडीवर ठेवला होता. मनाने मात्र तो फार हळवा. थंडीत कोणी गाडी सुरू करून तशीच दामटली, तर तो दोन घास कमी जेवे.

मंडळाची शिकवण सोपी होती. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतले तेल तळाशी जाऊन बसते आणि काकवीसारखे घट्ट होते. अशा गाडीवर टांग टाकून लगेच निघणे म्हणजे साखरझोपेतल्या माणसाला अंथरुणासकट जिन्यावरून ढकलणे. म्हणून आधी चोक ओढावा, किक मारावी, इंजिनाला आपल्या मनाने खाकरू-खोकू द्यावे आणि आपण शेजारी उभे राहावे. किती वेळ, एवढाच प्रश्न उरत होता. मंडळ या एवढ्याशा प्रश्नावरच उभे होते.

यावर अर्थातच मतभेद होते. भाविक सभासद ‘नमो मारिया’ ही प्रार्थना दोनदा म्हणेपर्यंत थांबत. कम्युनिस्ट सभासद एक सिगारेट संपेपर्यंत थांबत आणि भाविकांपेक्षा आपली गाडी जास्त टिकते असे सांगत. तिसरा गट कॉफीवाल्यांचा. त्यांना देव आणि क्रांती दोन्ही अमान्य होते, पण कॉफी मान्य होती. आणि तिथली कॉफी घोटभरच असल्यामुळे एकीने भागत नसे. लेआर्कोचा स्वतःचा पंथ तळहाताचा. इंजिनाच्या पोटावर हात ठेवायचा. चटका बसून हात आपोआप वर आला की गाडी तयार. लेआर्कोचा हात लोखंडी वजने उचलून उचलून राठ झालेला होता. त्यामुळे त्याची गाडी इतरांपेक्षा बरीच उशिरा तयार होई, आणि अध्यक्ष तयार झाल्याशिवाय निघायचे नाही अशी मंडळाची शिस्त होती.

दर रविवारी चर्चसमोरच्या चौकात हा सोहळा चाले. पाद्रीबुवांनी इंजिनांवर आवाज चढवून प्रवचन द्यायला सुरुवात केली, त्यामुळे मागच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यांची श्रद्धा पुष्कळ वाढली. पूर्वी मंडळी खिंडीपर्यंत जाऊन येत. मग गाड्या नीट गरम व्हाव्यात म्हणून खिंडीऐवजी पुलापर्यंत जाऊ लागली. मग पुलाअलीकडे पियादिना, म्हणजे तिथली पोळी, गरम भाजून विकणारी एक बाई बसे, तिच्यापर्यंत. शेवटी त्या बाईलाच दया आली आणि ती तवा घेऊन चौकात येऊन बसू लागली. सहलीचे अंतर असे घटत गेले, तसतसे मंडळाचे आकडे सुधारत गेले. मंडळाच्या अहवालानुसार नव्वद टक्के सभासदांच्या इंजिनात कधीही बिघाड झालेला नाही. (त्याच नव्वद टक्क्यांनी वर्षभरात चौक ओलांडलेला नाही. अहवालात ही गोष्ट ‘स्थैर्य’ या मथळ्याखाली आहे.)

अशा या गोकुळात बोलोन्याहून दातांचे डॉक्टर फाउस्तो राव्हायोली राहायला आले. समोरच्याचे तोंड उघडे ठेवून आपण बोलत राहायचे, ही त्यांची धंद्यातली सवय. त्यांची गाडी नवी, करड्या रंगाची, आत संगणक असलेली. पहिल्याच रविवारी त्यांनी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडून चौकात वाचून दाखवली. नव्या गाड्यांना उभ्या-उभ्या गरम करण्याची गरज नाही. सुरू करा आणि सुरुवातीला सावकाश चालवा, असे तीत चक्क छापलेले होते.

“छापणाऱ्याचं काय जातंय,” लेआर्को म्हणाला. “गाडी त्याची आहे का?”

“अहो झोफोली, गाडी बनवणाऱ्यांनीच छापलंय.”

“म्हणजे नवी गाडी खपवायचा धंदा आहे ज्यांचा, त्यांनी. डॉक्टर, उद्या तुम्ही लोकांना दात घासू नका म्हणून सांगाल.”

यावर कॉफीवाले खो खो हसले आणि मंडळात उभी फूट पडली. डॉक्टरांच्या बाजूने काही तरुण आणि काही अध्यक्षांवर जुना राग असलेले लोक गेले. त्यांनी ‘तत्काळ गट’ स्थापन केला. सुरू करताच निघावे, हे त्यांचे ब्रीद. पण हे लोकही निघेनात. निघून गेले तर वाद कोणाशी घालणार? त्यामुळे दर रविवारी चौकात एका बाजूला गरम करणारे आणि दुसऱ्या बाजूला गरम न करणारे, असे सगळेच दुपारच्या जेवणापर्यंत उभे राहत आणि मग जेवायला घरी जात. पायी. (चौकात गाडी लावायला जागा चांगली होती.)

त्या शरदात पाऊस थांबेना. मोन्तेस्पीना नावाचे एक खेडे वर डोंगरात आहे. तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर अर्धा डोंगर खाली आला. उरलेल्या पट्टीवरून बैलगाडीसुद्धा गेली नसती. दोन चाके एकामागे एक असतील तरच जाता येईल, एवढीच वाट राहिली. वर मदत पोचवायला नगराध्यक्षबाईंपुढे तीन पर्याय होते: हेलिकॉप्टर, खेचरे आणि मंडळ. हेलिकॉप्टरला स्वच्छ आकाश लागते, खेचरांना चारा लागतो. मंडळाने फक्त बिल्ले मागितले. तेव्हा ‘द्विचक्री तातडी पथक’ स्थापन झाले आणि लेआर्को त्याचा प्रमुख झाला. बिल्ला पिवळा होता आणि त्यावर पंख होते.

लेआर्कोची एकुलती मुलगी ओम्ब्रेत्ता याच मोन्तेस्पीनात दिलेली. जावई तित्सियानो मेंढ्या पाळून चीज करतो. ओम्ब्रेत्ताचे दिवस भरत आले होते. आणि लेआर्कोची बायको डेल्व्हिना ही त्या खोऱ्यातली निवृत्त सुईण. मंडळातले निम्मे सभासद तिच्या हातून या जगात आलेले, त्यामुळे तिला त्यांच्याबद्दल फारसा आदर नव्हता. तरुणपणी ती बापाची मोटरसायकल घेऊन बर्फातून बाळंतपणे करत हिंडे, पण ती गोष्ट मंडळाच्या स्थापनेपूर्वीची असल्यामुळे इतिहासात धरत नाहीत.

“पोरीला खाली ये म्हणावं,” डेल्व्हिना रस्सा ढवळताना म्हणाली.

“कशाला उगाच? पथक आहे ना.”

“पथक म्हणजे तू.”

“मीच की.”

“म्हणून तर म्हणते, खाली ये म्हणावं.”

पण ओम्ब्रेत्ता बापावर गेलेली. अजून वेळ आहे, मेंढ्या एकट्या तित्सियानोला आवरत नाहीत, आणि बाबा आहेतच, असे तिने फोनवर सांगितले. शेवटचे कारण ऐकून डेल्व्हिनाने त्याच संध्याकाळी आपली जुनी पिशवी काढून दाराशी ठेवली.

डिसेंबरातल्या एका सकाळी धुके इतके उतरले की चर्चचा मनोरा कमरेपासून वर नाहीसा झाला. न्याहारीच्या वेळी तित्सियानोचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, वेळेच्या आधी, आणि काहीतरी वेगळे वाटत होते. डेल्व्हिनाने दोन प्रश्न विचारले, फोन ठेवला आणि पायात बूट चढवले.

“गाडी काढ,” ती म्हणाली.

लेआर्कोने एक क्षणही दवडला नाही, हे इथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. लोक त्याच्याबद्दल पुढे बरेच काही बोलले. पण तो कातडी कोटात एकच हात घालून जिना उतरला, दुसरा हात त्याने अंगणात घातला. त्याने चोक ओढला, किक मारली. गाडी पहिल्याच लाथेत बोलली. डेल्व्हिना शिरस्त्राण घालून, पिशवी गळ्यात अडकवून मागे बसली. लेआर्को उतरला आणि त्याने इंजिनाच्या पोटावर हात ठेवला.

“काय करतोयस?”

“जरा गरम होऊ दे.”

“लेआर्को, पोरगी अडलीये.”

“म्हणून तर. चढावर बंद पडली तर? मग काय करशील तू?” त्याने तळहात आणखी दाबून धरला. “आज चुकून चालायचं नाही, डेल्व्हिना. आज तर नाहीच.”

यात खोटे काही नव्हते. एरवी तो रविवारच्या पियादिनासाठी गाडी गरम करी. आज लेकीसाठी करत होता. साहजिकच आज जास्त नीट करायला हवी होती. अडचण एवढीच होती की त्याचा हात थरथरत होता आणि थरथरत्या हाताला उष्णतेचा अंदाज येत नाही.

“मी बाळंतपणं थंडीतच केली सगळी,” डेल्व्हिना म्हणाली. “एकाही पोराला म्हटलं नाही, थांब, आधी तुझी आई गरम होऊ दे.”

पथकाच्या नियमानुसार कूच चौकातून आणि एकत्र करायचे होते. (एकटा गेला आणि दरीत पडला, तर अहवाल कोण देणार?) म्हणून लेआर्कोने गाडी हाताने ढकलत चौकात आणली. सगळे सभासद निरोप मिळताच धावत आले. कोणीही कुचराई केली नाही. भाविकांनी नमो मारिया म्हटले, आणि प्रसंग गंभीर असल्यामुळे नेहमीपेक्षा सावकाश म्हटले. कम्युनिस्टांनी सिगारेटी पेटवल्या. कॉफीवाल्यांसाठी बारचे दार उघडले. धूर आणि धुके यांची अशी गट्टी जमली की कोणाची गाडी कोणती ते कळेना.

मग जे घडले त्याला मंडळाच्या परिभाषेत ‘समतोलाचा प्रश्न’ म्हणतात. भाविकांच्या गाड्या आधी गरम झाल्या. पण कम्युनिस्टांच्या व्हायच्या होत्या. गरम गाडी उभी ठेवून जास्त तापवणे हे थंड गाडी चालवण्याइतकेच पाप, म्हणून भाविकांनी आपल्या गाड्या बंद केल्या. सिगारेटी संपल्या तेव्हा कॉफी यायची होती. कम्युनिस्टांनीही गाड्या बंद केल्या. कॉफी संपली तेव्हा भाविकांच्या गाड्या थंड झाल्या होत्या. नियमाप्रमाणे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कोणाचेही काही चुकत नव्हते.

“तुमच्यातला एकच चला ना रे,” डेल्व्हिना म्हणाली. “कोणीही चला. पीनो, तू चल. तुला मी काढलाय पायाकडून.”

पीनोने खाली मान घातली आणि अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांचा तळहात इंजिनावर होता.

इतक्यात डॉक्टर राव्हायोली आले. त्यांचे ब्रीदच तत्काळ निघण्याचे, त्यामुळे डेल्व्हिना सरळ त्यांच्याकडे गेली. डॉक्टरांनाही भरून आले. आयुष्यात आपले म्हणणे सिद्ध करायची अशी संधी वारंवार येत नाही. त्यांनी गाडी बंद केली, उतरले, किल्ली तशीच ठेवली आणि चौकाच्या मध्यभागी उभे राहून हात वर केला.

“सर्वांनी नीट पाहून घ्या,” ते म्हणाले. “इंजिन थंड आहे. झोफोली, तुम्ही स्वतः हात लावून पाहा. मागाहून म्हणाल, गरम करून आणली होती.”

“आलात ना तुम्ही तिच्यावर बसून? मग झाली गरम.”

“दोन गल्ल्यांवर राहतो मी!”

“दोन गल्ल्या म्हणजे गरम करणंच झालं. हेच तर मी वर्षभर सांगतोय.”

“मग आपण थोडं थांबू. पूर्ण थंड होऊ दे. मग निघतो, साक्षीदारांसमोर.”

हे ऐकून डेल्व्हिनाने डॉक्टरांच्या गाडीवर टांग टाकली. ती सत्तरीला टेकलेली बाई. तिने किल्ली फिरवली, बटण दाबले, आणि गाडी भविष्यातल्या कोणत्याही अहवालाची पर्वा न करता चौकातून सुटली. लेआर्को तिच्यामागे चार पावले पळाला.

“सावकाश,” तो ओरडला. “पहिला चढ तरी सावकाश घे.”

तिने सावकाश घेतला नाही. धुक्यातून गियर बदलल्याचा आवाज येत राहिला. प्रत्येक आवाजाला लेआर्को डोळे मिटून घेत होता. गाडी डॉक्टरांची होती, तरी.

त्यानंतर थोड्याच वेळात अध्यक्षांचा हात चटका बसून वर आला आणि पथकाने कूच केले. दरडीपाशी पोचेपर्यंत निम्म्या गाड्यांचे पेट्रोल चौकातच जळून गेल्याचे उघड झाले. लेआर्कोची लाल गाडी त्या अरुंद पट्टीच्या तोंडाशी दोनदा उचकी देऊन थांबली. इंजिन उत्तम गरम होते. त्याने ती कड्याला टेकवली आणि चालायला लागला. मोटरसायकलचे बूट चालण्यासाठी केलेले नसतात. तो चिखलातून घसरत, शिरस्त्राण काखेत धरून, मोन्तेस्पीनाचा चढ चढत राहिला. आपण आपल्या मुलीच्या घरी पायी जात आहोत, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत आहे, असे त्याच्या मनात आले. त्यात त्याला लाज वाटावी की अभिमान, ते ठरेना.

दार तित्सियानोने उघडले. त्याचा चेहरा रडलेला आणि हसलेला होता.

मुलगी झाली होती. नाळ मानेभोवती गुंडाळलेली होती, ती डेल्व्हिनाने सोडवली. बाळ निळे पडले होते, मग लाल झाले, मग रडले. “आणखी जरा उशीर झाला असता तर,” असे डेल्व्हिना हात पुसत म्हणाली आणि तिथेच थांबली. उरलेले वाक्य लेआर्कोने विचारले नाही. ओम्ब्रेत्ता उशीवर मान टाकून बापाकडे पाहत होती. ती बोलली असती तर बरे झाले असते असे त्याला वाटले.

त्याने बाळ घ्यायला हात पुढे केले.

“गारठलेत हात तुझे,” डेल्व्हिना म्हणाली. “आधी गरम कर.”

तो चुलीपाशी जाऊन बसला. त्याने हात शेकले, उलटे करून शेकले, गालाला लावून पाहिले, पुन्हा शेकले. त्याच्या मनाला पुरेसे गरम झाले तेव्हा बाळ दूध पिऊन झोपले होते, आणि झोपलेले बाळ उचलायचे नाही असा तिथे नियम निघाला.

परत येताना लेआर्कोने ठरवून टाकले की राजीनामा द्यायचा. हे खरे आहे. त्याने वाक्यसुद्धा जुळवले होते: मी थांबलो, ते चुकलं. पुढच्या रविवारी सभा भरली तेव्हा ते वाक्य त्याच्या ओठांवर होते. तो उठणार, तेवढ्यात डॉक्टर राव्हायोली उठले आणि म्हणाले, त्यांची गाडी थंड सुरू झाली, डोंगर चढली, उतरली आणि तिला काहीही झालेले नाही. प्रश्न कायमचा निकालात निघाला आहे.

लेआर्कोने स्वतःला आवरायचा प्रयत्न केला. ज्यांनी त्या वेळी त्याचा चेहरा पाहिला ते हे सांगतील.

“ती गाडी,” तो म्हणाला, “सगळ्या गरम गाड्यांच्या मधोमध उभी होती. आमच्या धगीनं तापली. म्हणजे गरम केलीच होती. आम्ही केली.”

टाळ्या पडल्या. राजीनाम्याचे वाक्य तिथेच थंड झाले.

मग संयुक्त चौकशी समिती नेमली गेली. इंजिनाला खरोखर इजा झाली आहे की नाही हे बाहेरून कळणार नाही, म्हणून ते उघडण्यात आले. समितीचा अहवाल स्पष्ट आहे: इंजिनात कोणताही बिघाड आढळला नाही, उघडल्यानंतर मात्र झाला. सुटे भाग अजून मंडळाच्या खोलीत मांडलेले आहेत आणि दोन्ही गट ते आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून पाहुण्यांना दाखवतात. डॉक्टर हल्ली सायकलने दवाखान्यात जातात. (सायकलवर बसण्याआधी गुडघे गरम करावेत की नाहीत, यावर त्यांचे एक व्याख्यान झाले.)

पथकाला नगरपालिकेने पदक दिले. संपूर्ण तातडीच्या काळात पथकाचे एकही वाहन निकामी झाले नाही, असे त्यावर कोरलेले आहे. डेल्व्हिनाला समारंभाचे निमंत्रण होते, पण ती नातीला न्हाऊ घालायला वर गेली होती. तिने आता स्वतःची एक जुनी स्कूटर घेतली आहे. सकाळी ती चहा घेत असते, तेव्हा लेआर्को हळूच अंगणात जातो, म्हणजे निदान तिची गाडी तरी थोडी गरम करून ठेवावी म्हणून. ती किल्ली पिठाच्या डब्यात लपवते. तो अंगणात उभा राहतो. ती येते, किल्लीवरचे पीठ फुंकते, आणि जाते. तो बराच वेळ रस्त्याकडे पाहतो. नातीला तो महिन्यातून एकदा भेटतो, उन्हाळ्यात जरा जास्त.

एवढी हकीकत ऐकल्यावर बहुतेक लोक लेआर्कोला हसतात आणि डेल्व्हिनाला सलाम करतात. ते योग्यच आहे. पण जाता जाता जवळजवळ प्रत्येक जण दारात थबकून, आवाज जरा खाली आणून विचारतो: ते सगळं ठीक आहे हो, पण शेवटी, गाडी गरम करावी की करू नये?

हा प्रश्न तुमच्याही मनात मघापासून असेल, तर संकोच करू नका. मंडळाचे सभासदत्व सर्वांना खुले आहे. अर्ज करण्याची गरज नाही; इतका वेळ इथे थांबलात, यातच तो मंजूर झाला.